राखणीचे शर्ट

पुढे लिहिलेले सगळे मी स्वतः पाहिलेले आहे. ऐकीव एकही गोष्ट यात नाही. त्यामुळे हे खोटे आहे असे स्वतःला पटवणे मला जमत नाही.

साबण-अत्तरांच्या एका कारखान्यात मी वास तपासतो. कुठला वास कशाने येतो, किती दिवस टिकतो आणि कशाने जातो, यावर माझे पोट चालते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता.

आता आहे, असेही मी म्हणणार नाही.

हिवाळ्यातली शनिवारची संध्याकाळ होती. जागा म्हणजे ताईच्या घरामागचा उतार. वर जंगल, खाली ओढा आणि मध्ये पेरूची कोवळी बाग. झाडे जेमतेम गुडघ्याएवढी, प्रत्येकाला आधाराची काठी. बाग भाऊजींनी लावली होती. शेवटची ओळ लावून झाली आणि त्याच पावसाळ्यात ते तापाने गेले.

कोवळ्या झाडाला हरणासारखा वैरी नाही. शेंडा खाल्ला तर झाड खुरटते. नराने शिंगे घासून खोडाची साल गोल सोलली, तर ते मरतेच. ओढ्यापलीकडच्या बागवानाची अर्धी बाग अशीच गेली होती.

भाऊजींचा उपाय घरगुती होता. दिवसभर राबून घामाने भिजलेला शर्ट ते जंगलाकडच्या काठीवर टांगून यायचे. माणसाचा वास आला की हरीण बिचकते. "माझा घाम हरणाला सोसत नाही आणि तुझ्या ताईलाही," असे म्हणून स्वतःच हसायचे.

ते गेल्यावर ताईने त्यांचे न धुतलेले शर्ट जंगलाच्या कडेने ओळीत टांगले.

उपायात शास्त्र आहे, पण ते थोड्या दिवसांचे. उन्हादवात घामाचा वास उडून जातो. हे शर्ट तर पाऊस संपल्यापासून बाहेर होते.

तरीही बागेतले एक पानसुद्धा खाल्लेले नव्हते...

मी गाडीत जाळीचे पिंजरे घेऊन गेलो होतो, प्रत्येक झाडाभोवती एक असे लावायला. मनात दुसराही बेत होता, ताईला शहरात माझ्याकडे न्यायचा. जंगलाच्या कडेला तिचे एकटीने राहणे मला पटत नव्हते. बाग सोडून ती हलायला तयार नव्हती.

त्या सकाळी पलीकडचा बागवान कुदळ मागायला आला. जाताना ताईला म्हणाला, "वहिनी, राखणदार चांगला मिळाला तुम्हाला. संध्याकाळची फेरी कधी चुकवत नाही. आमच्याकडेही पाठवा की."

ताईने राखणदार ठेवलेलाच नव्हता.

लांबून टांगलेला शर्ट माणसासारखा दिसतो, असे मी त्याला समजावले. त्याने माझ्याकडे पाहिले.

"टांगलेला शर्ट वाकून झाडाचं बूड बघतो होय?"

तो गेल्यावर ताई बराच वेळ उंबऱ्यात उभी होती. मग बागेत गेली, सगळे शर्ट उतरवून आणले आणि बादलीत भिजत घातले.

"तूच म्हणतोस ना, सगळा वासाचा खेळ आहे? मग वासच जाऊ दे. हरणं आत आली तर मी सामान बांधते. नाही आली, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

एवढी सरळ कसोटी मला प्रयोगशाळेतही क्वचित मिळते. मी लगेच मान्य केले.

साबण माझा होता, बिनवासाचा. धुणे मात्र तिने मला करू दिले नाही. प्रत्येक कॉलर ती हातात धरून क्षणभर थांबत होती. मी दुसरीकडे पाहिले.

दुपारच्या कडक उन्हात शर्ट वाळले. मी एकेक नाकाशी धरला. काहीच नव्हते. नुसते कापड. माझा वास लागू नये म्हणून हातमोजे घालून मी ते पुन्हा काठ्यांवर चढवले. गुंड्या गळ्यापर्यंत लावल्या. बाह्या सरळ खाली सोडल्या.

ऊन उतरले. आम्ही दोघे स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलो. माझ्याकडे दुर्बीण होती. वारा अजिबात नव्हता. धुराड्यातून धूर दोऱ्यासारखा सरळ वर जात होता.

मग जंगलाच्या कडेला हालचाल झाली...

एक मादी. तिच्यामागे आणखी तीन. सर्वांत मागे, रुंद शिंगांचा नर.

मादी शर्टापाशी आली. बाहीला नाक लावले. बिचकली नाही. सरळ आत शिरली आणि पहिल्या झाडाचे एक पान तिने तोडून तोंडात घेतले.

ताईने माझे मनगट पकडले. मी जिंकलो होतो. आनंद मात्र झाला नाही.

आणि... मादी थांबली.

पान तोंडात तसेच. चावणे बंद. मान वर.

इतरांच्याही माना वर झाल्या. सगळी एकाच जागेकडे पाहत होती. शर्टांकडे नाही. दोन ओळींमधल्या मोकळ्या वाटेकडे.

मी दुर्बीण तिकडे वळवली.

वाट रिकामी होती.

मग ती डोकी हळूहळू वळू लागली. सगळी मिळून, एकाच गतीने. सावकाश चालणाऱ्या माणसाकडे बघावे तशी. एका झाडापाशी नजरा थबकल्या, जरा खाली झुकल्या. पुन्हा वर. पुढच्या झाडापाशी तेच.

कुणीतरी वाकून झाडाचे बूड बघत होते...

पण तिथे कुणीच नव्हते.

नजरा सरकत सरकत मादीच्या अगदी समोर आल्या. तिच्या तोंडातले पान खाली पडले. पुढच्या क्षणी पाचही हरणे जंगलात उधळली.

ताई रडत नव्हती. ती फक्त म्हणाली, "चल, बघून येऊ."

उजेड अजून होता. मऊ मातीत खुरांचे ठसे होते. दुसरे कसलेही नव्हते. शर्ट काठ्यांवरच होते.

मात्र प्रत्येक शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती.

फक्त उजवी. डाव्या हातावर भाजल्याचा जुना डाग होता, म्हणून भाऊजी डावी बाही कधी वर करत नसत.

मी कॉलरला हात लावला. ओली होती.

वास घ्यायची गरज नव्हती. हातभर अंतरावरून येत होता... ताज्या घामाचा.

मी ताईकडे पाहिले. सबंध वेळ ती माझ्याशेजारी होती, तिची पकड अजून माझ्या मनगटावर उमटलेली होती. माझ्या मनात काय आले ते तिने ओळखले असावे.

"जाळ्या परत ने," ती म्हणाली. "ह्यांना फिरताना अडचण होईल."

दुसऱ्या दिवशी निघताना तिने मला कापडाचे दोन तुकडे दिले. एक त्या ओल्या कॉलरचा. दुसरा तिच्या उशाखाली ठेवलेल्या शर्टाचा. तो एकच शर्ट तिने धुतला नव्हता.

"तपासायचं असेल तर तपास. मला गरज नाही."

दोन्ही तुकडे माझ्या टेबलावर आहेत, घट्ट बुचाच्या दोन बाटल्यांत. दोन्ही घाम एकाच माणसाचे आहेत का, एवढेच बघायचे आहे. काम एका दुपारचे.

पहिल्या बाटलीतला तुकडा अजून वाळलेला नाही... काच आतून धुरकट होते.

काल ताईचा फोन आला होता. सगळ्या झाडांना नवी पालवी आहे, एकही शेंडा गेलेला नाही. आवाजात पूर्वीची ताई होती. शेवटी तिने विचारले, तपासलेस का?

मी म्हटले, यंत्र बिघडले आहे.

यंत्र बिघडलेले नाही.