सोमवार आणि मागचं फाटक

डेला ट्रुएट ओसरीवर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांना कणीक लागलेली होती, पाऊस तिरपा पडत होता, आणि आईच्या फुलझाडांत सोमवार मजेत गुलाबी फुलं खात उभा होता.

सोमवार म्हणजे वार नव्हे, वळू. आमच्या दक्षिण ओक्लाहोमात त्याच्यावर बसून कुणालाच कधी बरं वाटलेलं नाही, म्हणून हे नाव. मी स्वतः पाहिलंय, एका स्वाराला त्यानं असा वर फेकला की तो खाली येईस्तोवर त्याची दाढी वाढली होती. पटत नसेल तर सोडून द्या. पुढचं मात्र अक्षर न् अक्षर खरं आहे.

तर कुंपणाच्या तुटक्या तारेतून सोमवारच्या मागोमाग एक तरुण आला. डोक्यावर टोपी नाही, गुडघ्यापर्यंत चिखल. हातात दोर होता, पण दोराच्या टोकाला काहीच नव्हतं.

“हा… हा वळू तुमचा का?”

“परवापर्यंत होता. आता हॅनफर्डांचा आहे.”

“मीच हॅनफर्ड. कॉय.”

“मग स्वतःचा वळू मला का विचारताय?”

“माझं ऐकत नाही ना तो. म्हटलं, मालक दुसरं कुणी असेल.”

डेला हसली नाही, पण तिच्या गालाला तेवढी खळी पडली. ती पावसात उतरली आणि सोमवारच्या शेपटीच्या मुळाशी तिनं खाजवलं. एवढा मोठा वळू, पण डोळे मिटून असा उसासा टाकला त्यानं! तिच्या पापणीवर पिठाचा एक कण होता. त्यावर पावसाचा थेंब येऊन बसला… आणि कॉय आपण कशासाठी आलो होतो तेच विसरला.

“ऑर्व्हिलकाका,” परत जाताना तो गाडीत मला, हॅनफर्डांच्या जुन्या गड्याला, म्हणाला, “ही कोण?”

“ज्यांच्याशी तुझ्या आजोबांनी चाळीस वर्षं स्पर्धा केली, त्यांची नात.”

“मग मला कुणी सांगितलं कसं नाही?”

“तू वायोमिंगला मामाचे घोडे राखत बसला होतास. घोड्यांनी सांगायला हवं होतं.”

ट्रुएट आणि हॅनफर्ड, दोन्ही घराण्यांचा धंदा एकच. उधळणारे वळू पैदा करायचे, वाढवायचे आणि रोडिओला, म्हणजे उधळत्या वळूवर आठ सेकंद टिकून बसायच्या खेळाला, पुरवायचे. पण डेलाच्या वडिलांचे गुडघे गेले आणि त्यांनी सगळे वळू कॉयच्या वडिलांना, ब्यूफोर्डना विकले. त्यातच सोमवार गेला. त्याची आई तो जन्मला त्याच दिवशी मेली होती, तेव्हापासून डेलानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. ती रडली नाही. फक्त वळू चढवून गाडी निघाली तेव्हा ती धुतलेल्याच बश्या पुन्हा पुन्हा धूत होती.

आमच्याकडे आल्यावर पहिल्याच रोडिओत सोमवारनं आमचं नाक कापलं. फाटक उघडलं, तो बाहेर आला आणि देवळातून निघालेल्या म्हातारीसारखा चालत कुंपणापाशी गेला. आठ सेकंद स्वार वर बसून जांभया देत होता! लोक हसले. ब्यूफोर्डचा चेहरा टोमॅटो झाला.

संध्याकाळी कॉय डेलाच्या ओसरीवर हजर. “त्याला काय झालंय हो? तुम्हीच सांगू शकाल.”

डेलाही तो रोडिओ बघायला आली होती. ती अगदी गंभीरपणे म्हणाली, “गाणं म्हणता का त्याला?”

“गाणं?”

“रोज सकाळी. त्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही. आणि पाव काकवीत बुडवून भरवायचा, हातानं. आणि…” ती आत गेली आणि एक पिवळा झालरीचा एप्रन घेऊन आली. “हा घालून. माझ्या वासाची सवय आहे त्याला.”

“हे सगळं… खरंच लागतं?”

“विश्वास नसेल तर राहू द्या.”

“नाही नाही! पण चुकलं तर? तुम्ही रोज येऊन बघाल का, नीट करतोय की नाही?”

“रोज?” तिनं कपाळाला आठ्या घातल्या. “बघते. वेळ मिळाला तर.”

तिला रोज वेळ मिळाला. सूर्य उगवायच्या आत तिची गाडी आमच्या कुंपणाला लागायची. आत कॉय पिवळ्या झालरीत, वळूसमोर उभा राहून असा गायचा की शेजारच्या गावातली कुत्री घर सोडून निघाली होती. डेला तोंडावर रुमाल धरून म्हणायची, “वरचा सूर लागला नाही. पुन्हा.”

“तुला हसू येतंय.”

“छे. खोकला आहे.”

“खोकल्याला माझ्याकडे कॉफी आहे.”

मग दोघं गाडीच्या मागच्या फळीवर बसून थर्मासच्या एकाच झाकणातून कॉफी प्यायची, आणि सोमवार काकवीनं माखलेलं नाक कॉयच्या पाठीला पुसायचा.

दुसऱ्या रोडिओतही तेच! सोमवार बाहेर आला आणि निवांत चालत सुटला. त्या रात्री गावच्या खानावळीत ब्यूफोर्डनं सगळ्यांसमोर टेबलावर मूठ आपटली. “गाणी गाऊन वळू उधळत नसतात! येत्या शनिवारी शेवटची संधी. चालत बाहेर आला तर सोमवार रविवारीच खाटकाकडे जाईल. मी फुकट चारा घालायला बसलेलो नाही.”

पलीकडच्या टेबलावर डेलाच्या हातातला काटा बशीवर तसाच थांबला. इकडे कॉय पांढरा पडला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही चटकन नजर खाली घातली. मला मजा वाटली. पण ब्यूफोर्ड म्हणेल ते करतो, हेही मला माहीत होतं.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असलेली. वळूवर स्वार बसवतात ते लोखंडी पिंजरे दोन बाजूंना असतात. एका बाजूला वळूचं तोंड डावीकडे, दुसऱ्या बाजूला उजवीकडे. माणसात कुणी डावखुरा असतो ना, तसंच वळूचं. त्याच्या बाजूचा पिंजरा दिला तर तो वादळ. उलट्या बाजूला घातला तर त्याचा सगळा मूडच जातो. सोमवार उजवीकडचा. आणि दोन्ही वेळा त्याला डावीकडे घातला होता. वळू पिंजऱ्यात भरायचं काम कॉयचं, ब्यूफोर्ड त्यात लक्ष घालायचा नाही!

शनिवारी मैदान गच्च भरलं होतं. माझं काम वळूच्या कमरेचा मऊ दोर बांधायचं, म्हणून मी मागच्या गल्लीत होतो. तिथे एक फाटक असतं. इकडे ढकललं की वळू डावीकडच्या पिंजऱ्यात जातो, तिकडे ढकललं की उजवीकडच्या. सोमवार यायला अवकाश होता. तेवढ्यात कॉय धावत आला आणि त्यानं फाटकाला हात घातला. त्याच क्षणी पलीकडून कठड्यावरून उडी मारून डेला आली. तिनंही त्याच फाटकाला हात घातला. दोघंही ते एकाच दिशेला ढकलत होती. उजवीकडे.

दोघंही थांबली.

“तू… हे काय करतेयस?”

“तू काय करतोयस?”

“मी… म्हणजे… मला वाटलं, या बाजूनं एकदा बघावं…”

“कॉय हॅनफर्ड! तीन पिढ्या वळू पुरवणाऱ्या घरातला तू. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं!”

कॉयचे कान लाल झाले. “तो उधळला असता तर तुझ्या ओसरीवर यायला मला दुसरं कारण नव्हतं, डेला. पण त्याचा जीव जायची वेळ येईल असं… थांब.” त्याचे डोळे बारीक झाले. “तुला पण माहीत होतं! पहिल्या रोडिओतच तुला दिसलं असणार.”

“फाटक उघडायच्या आधीच.”

“मग ते गाणं?”

डेला फाटकाच्या गजावरचा गंज नखानं खरवडायला लागली.

“काकवी? एप्रन?”

“तू आला होतास ना दारात, इतका भोळा चेहरा करून… म्हटलं, बघू या किती दिवस गातो.” तिचा आवाज बारीक झाला. “मग रोज सकाळी भीती वाटायला लागली, की उद्या याला खरं कळलं तर हा गायचं थांबवेल.”

“नाही थांबवणार.”

“आज तो उधळला तरी?”

“तरी.”

“अरे पोरांनो,” मी ओरडलो, “प्रेम नंतर करा, वळू येतोय!”

दोघांनी मिळून फाटक ढकललं आणि सोमवार उजव्या पिंजऱ्यात शिरला. मी दोर बांधला, स्वारानं मान हलवली, फाटक उघडलं… आणि काय सांगू! मैदानातल्या बायकांच्या टोप्या वाऱ्यानं उडाल्या. स्वार दुसऱ्या सेकंदाला निघाला, तो शेजारच्या जिल्ह्यात उतरला आणि बसनं परत आला. लोक उभे राहून ओरडत होते. ब्यूफोर्ड आपली टोपी पायाखाली तुडवत नाचत होता.

सोमवार वाचला. पण त्या दोघांनी ते पाहिलंच नाही. हात अजून त्याच गजावर होते, आणि आता एकावर एक.

“काय केलंस तू याला?” ब्यूफोर्ड धापा टाकत डेलाकडे आला.

“मी काही नाही केलं,” डेला म्हणाली. “तुमच्या मुलाचं गाणं लागू पडलं.”

सोमवार आता म्हातारा झालाय. दोन्ही घरांच्या मधलं कुंपण काढून टाकलंय, त्या कुरणात लोळत असतो. कॉय अजून रोज पहाटे पिवळा एप्रन घालून गातो, तसाच बेसूर. सोमवार पहिल्या ओळीलाच उठून लांब निघून जातो. ओसरीवर कॉफी घेऊन बसलेली डेला म्हणते, “वरचा सूर लागला नाही. पुन्हा.”