छातीच्या उंचीचे बिल्ले

तुम्ही वनखात्याच्या अहवालात खोटं लिहिलंत, साहेब. ‘झाडं मोजणारा काम सोडून पळाला’. एका ओळीत माणूस निकालात काढलात. दलदलीत पाय घातला नाहीत. बुटांना चिखल लागला असता.

चौदा महिने वाट पाहून त्याची बायकोच गेली. सकाळी आठला, नावाड्याला घेऊन.

पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. चिखलातून मुळं गुडघ्यांसारखी वर आलेली, त्यांवर कासवं ऊन खात बसलेली. बेडकांचा एवढा गलका की ओरडून बोलावं लागत होतं.

मोजलेल्या प्रत्येक झाडाला पत्र्याचा बिल्ला असतो: क्रमांक, घेर, तारीख. बाकीचे काठीने उंची ठरवतात. हा गडी स्वतःच्या छातीसमोर खिळा ठोकायचा. म्हणायचा, “काठी घरी विसरते, छाती कुठे विसरणार?”

तुमच्या नोंदीतला शेवटचा बिल्ला चारशे बारा.

“वहिनी, इथून पुढे होडी येत नाही,” नावाडी म्हणाला. “लाडावलीय.”

“तू उतर, तिला मी समजावते.”

ती चिखलात उतरली. पुढच्या झाडावर चारशे तेरा होता. तारीख तो नाहीसा झाल्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्यातला नऊ उलटा. शाळेत मार खाऊनही न सुटलेली त्याची खोड. तिने टेप गुंडाळून पाहिली. घेर बरोबर.

“पळालेला माणूस मोजणी करतो होय?” नावाडी हसला.

ती हसली नाही. त्याची छाती म्हणजे तिची हनुवटी. खिळा तिच्या खांद्याशी होता.

ती पुढे निघाली, झाडामागून झाडाला पाठ लावून उभी राहू लागली. चारशे तीस कंबरेशी. चारशे साठ गुडघ्याशी. तारखा पुढे पुढे येत होत्या.

“वाकून ठोकले असतील.”

“वाकता येत होतं त्याला? बुटांच्या नाड्या मी बांधायचे.”

नावाड्याने मान वळवली. मग लक्षात आलं, बेडूक गप्प झालेत.

पुढचं झाड कंबरभर पाण्यात. साल कोरी.

“संपलं. चला, वहिनी.”

तिने हात पाण्यात घातला. खोडावरून खाली सरकवला. कोपरापर्यंत. खांद्यापर्यंत.

बोटांना पत्रा लागला.

ठोकलेले आकडे तिने चाचपले. क्रमांक. घेर.

तारीख आजची.

त्या गार पाण्यात खिळा कोमट होता.

तुमचा माणूस आजही कामावर हजर आहे, साहेब. त्याला पळताना कोणी पाहिलं? लेखी उत्तर द्या.