चौथा खांदा

लिंबू, मीठ, थोडा गूळ आणि माठातलं पाणी. हे बाटलीत भरून वाटेच्या खालून तिसऱ्या वळणावर जाऊन बसायचं, नात पळत आली की बाटली द्यायची, दोन घोट प्याली की परत घ्यायची. माझं काम एवढंच होतं. त्यात भिण्यासारखं काय असणार? बसल्या बसल्या सोलायला मी लसूणही घेऊन जायची.

आमचा कोंड पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला. घरं एकवीस, त्यातली चौदा फक्त गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. कोंडापासून खाली घाटाच्या सडकेपर्यंत जुनी पायवाट आहे, चार किलोमीटरची. चार वर्षांपूर्वी पलीकडच्या अंगानं जीपचा रस्ता झाला आणि वाट ओस पडली. त्यावर आता गुरं जातात आणि मी जाते.

माझी नात अक्षदा सव्वीस वर्षांची, मुंबईत वाढलेली. एक नोकरी सोडलेली, दुसरी फेब्रुवारीत लागायची होती. मधल्या दिवसांत इथं आली आणि आल्या आल्या भिंतीला एक कागद चिकटवला. कागदावर चौकोन, कुठल्या दिवशी किती पळायचं त्याचे. मी शाळेची पायरी चढले नाही. एस.टी.च्या पाट्यांवरून अक्षरं शिकले आणि बाकीचं पोरांच्या पुस्तकांतून. पण तो कागद अक्षदाच्या आधी मला पाठ झाला.

"बेचाळीस किलोमीटर? कोण लागलाय गो तुझ्या पाठी?"

"कोणी नाही आजी. मॅरेथॉन आहे. पहिलीच. स्वतःसाठी पळायचं."

"स्वतःसाठी भात लावतात. पळतात ते रेडा सुटला की."

ती हसली. पण मला कारण ठाऊक होतं. सहा वर्षांची असताना इथेच तिला लाल विंचू चावला होता. पोर वाचली, पण तिच्या आईनं धसका घेतला. मुंबईच्या शाळेत चिठ्ठी दिली की हिच्या काळजाला धक्का बसलाय, हिला खेळायला घेऊ नये. दहा वर्षं ती पोर मैदानाच्या कडेला दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या राखत बसली. आता डॉक्टरनं तपासून लिहून दिलं होतं, छाती ठणठणीत आहे. त्या दहा वर्षांचा हिशोब ती पायांनी मागायला निघाली होती. माझा तिला पाठिंबा होता. अट एकच घातली. घाटात ट्रक अंगावर येतात, सडकेवर पळायचं नाही. या वाटेवरच खाली-वर कर किती करायचं ते.

डिसेंबरातलं धुकं आमच्याकडे सावित्री नदीवरून चढतं. सकाळी दरी दुधानं भरल्यासारखी होते आणि आवाज वेडेवाकडे येतात. खालच्या गावातला कोंबडा कानाशी आरवतो आणि हातभर अंतरावरचं माणूस ऐकू येत नाही. अशाच एका सकाळी, दिवस चांगला उगवलेला असताना, अक्षदा वळणावर आली, बाटली तोंडाला लावली आणि म्हणाली,

"आजी, इथं अजून कोण प्रॅक्टिस करतं का?"

"म्हशी करतात."

"नाही गं, खरंच. मी उतरताना मागून कोणीतरी येतं. तीन जण असावेत. आणि त्यांची स्टाइल वेगळीच आहे. ग्रुपमधे पळताना पाय आपोआप एकत्र पडतात ना? यांचे मुद्दाम पडत नाहीत. प्रत्येकाचा वेगळा. आणि मधेच हुं... हुं... असं करतात."

माझ्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली.

"काय बोलले?"

"एक जण म्हणाला, खांदा दे. मला काही कळलं नाही. म्हटलं पुढे जायचं असेल, म्हणून मी बाजूला झाले. पण पुढे कोणी गेलंच नाही." ती थांबली. "आवाज ओळखीचा वाटला."

ती पळत वर गेली. मी तिथेच बसून राहिले. घाबरले का? नाही. मी भुताला भीत नाही, माणसाला भिते, आणि तेही थोडक्यांनाच. मला एकच गोष्ट कुरतडत होती. तिघंच का?

आता हे मुंबईच्या पोरीला कसं कळावं? रस्ता नव्हता तेव्हा आजारी माणूस या वाटेनं डोलीतून खाली जायचा. दोन लांब बांबू, मधे घोंगडीची झोळी, चार खांदे. खांदेकरी पाय जुळवत नाहीत. पाय जुळले की झोळी झुलते आणि आजाऱ्याला ढवळतं, म्हणून चौघं मुद्दाम वेगळ्या पावलानं चालतात आणि हुंकारानं एकमेकांना सांभाळतात. वाटेत भेटेल त्यानं खांदा मागितला की द्यायचा. आत कोण आहे, विचारायचं नाही. आणि खाली सडकेला पोचल्यावर डोली भुईला टेकवायची, आजाऱ्याचे पाय मातीला लावायचे, मगच गाडीत घालायचं. मातीला पाय लावून गेलेलं माणूस त्याच मातीवर परत येतं, असं आमच्यात म्हणतात. ज्यांनी उचलली त्यांनीच टेकवायची.

अक्षदाला विंचू चावला तो दिवस भातकापणीतला. पोरीचे हातपाय गार, अंगावर घामाचा पाट. कोंडात पुरुष तीनच होते, माझा नवरा रायबा, शेजारचा गणू आणि मोरू. बाकी सगळे मुंबईला. बाईनं डोलीला खांदा द्यायचा नसतो. मोरूची आई अंगणातून ओरडली, "आवडे, इटाळ करू नको!" मी म्हटलं, "म्हातारे, पोर जगली की मग माझा इटाळ धू." आणि चौथा खांदा मी दिला. चार किलोमीटर आम्ही उतरलो नाही, घसरलो. खाली जीप चालू ठेवून उभी. मी झोळीतूनच पोर उचलली आणि जीपमधे घुसले. महाडला सुई मिळाली. पोर वाचली.

डोली टेकवायची राहिली. मातीला पाय लावायचे राहिले. जीप निघाली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं होतं, तिघं रिकामी डोली खांद्यावर घेऊन तशीच उभी. एक कोपरा खाली कललेला. माझा.

पुढे गणू गेला, मोरू गेला. रायबा जाऊन नऊ वर्षं झाली.

रविवारी अक्षदाचा सगळ्यात लांबचा पल्ला होता, अठ्ठावीस किलोमीटर. म्हणजे ही वाट सात वेळा, शेवट खाली सडकेवर. मी आदल्या दिवशीच म्हटलं, "रविवारी नको जाऊ."

"आजी, हा रन चुकला तर मॅरेथॉन विसरायची मी. परत कडेला बसू का?"

 कडेला बस, असं तिला सांगणाऱ्यांत मला माझं नाव घालायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला बघायचं होतं. मेल्यावर माणसं काय उचलून हिंडतात, ते मला बघायचं होतं.

त्या दिवशी धुकं नऊ वाजले तरी हललं नाही. अक्षदा सहाव्या फेरीला वर गेली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते, डावा पाय ओढत होती. "बस कर," मी म्हटलं. तिनं मान हलवली. कोंडाला शिवून ती सातव्या फेरीला उतरत आली, बाटलीकडे न बघता माझ्यासमोरून खाली गेली, आणि दहा पावलांत पांढऱ्यात बुडाली.

तिच्या पाठोपाठ वास आला. ओल्या घोंगडीचा, विडीचा, आणि खांद्यावर घासून गरम झालेल्या बांबूचा. मग पावलं... एकाला एक न जुळणारी. हुं... हुं...

ती माझ्यापाशी आली आणि थांबली. दिसत काहीच नव्हतं. वाटेवरचं गवत मात्र तीन ठिकाणी दबलेलं होतं.

"आवडे," रायबाचा आवाज म्हणाला. चढण चढून आल्यावर यायचा तसा, धापेतला. "खांदा दे."

"नऊ वर्षांनी आलास, बायकोला बरी हायस का इचारायचं नाय?"

कोणीतरी हसल्यासारखं झालं. गणू असावा. मेला तरी दात काढायची सवय गेली नव्हती.

आणि मग मी ते विचारलं, जे विचारायचं नसतं. जन्मभर मी हेच करत आले.

"कोन हाय आत?"

 रायबा धापेतच हळू म्हणाला, "अजून... कोन नाय."

त्या 'अजून'चा अर्थ मला लगेच कळला. खाली माझी नात एकटी पळत होती, पांढऱ्या ओठांची, एक पाय ओढणारी. मी पदर खोचला आणि डाव्या अंगाला मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले, जिथे वीस वर्षांपूर्वी होते. मनात म्हटलं, आज मी ही डोली टेकवते. एकदा टेकवली की फिटलं.

खांद्यावर बांबू आला. हलका, रिकामा. आम्ही चाललो, चौघं चार पावलांनी. पाय विसरले नव्हते. दुसऱ्या वळणाशी, खालून येणारा अक्षदाच्या बुटांचा आवाज थांबला. आणि त्याच घडीला बांबू माझ्या खांद्यात रुतला. झोळी भरली होती. ते ओझं मी ओळखलं. सहा वर्षांच्या पोरीचं, तापलेलं, एका अंगावर वळलेलं.

"आजी," झोळीतून बारीक आवाज आला, "अजून... किती लांब?"

 मी चालत राहिले. सडक जवळ आली, डिझेलचा वास आला. "टेकवा," मी म्हटलं. "रायबा, टेकवू या रे आता..." मी गुडघे वाकवले, आणि एका ट्रकनं वळणावर हॉर्न दिला. धुकं फाटलं. ऊन डोळ्यांत गेलं. खांद्यावर काहीच नव्हतं. मी एकटी रस्त्याच्या कडेला वाकून उभी होते, शौचाला बसावं तशी.

अक्षदा समोर दगडावर बसली होती, लालबुंद, हसत.

"आजी! झाले अठ्ठावीस! आणि ऐक ना, शेवटी काय झालं माहितीये? दुसऱ्या वळणापर्यंत मी मेले होते. आणि मग एकदम... पाय जमिनीला लागतच नव्हते. कोणीतरी उचलून नेतंय असं वाटत होतं. यालाच रनर्स हाय म्हणतात!"

"उठ," मी म्हटलं. "बूट काढ. मातीवर उभी राहा."

"आजी, काहीही काय..."

"काढ म्हणते ना!"

तिनं काढले, माझ्या समाधानासाठी उभी राहिली. पण डोली टेकवणारे तिघं तिथे नव्हते. नुसतं उभं राहून भागत असतं तर रीत कशाला झाली असती?

त्याला आता बारा दिवस झाले. डाव्या खांद्यावर मला चार बोटं रुंद काळानिळा वळ आहे, उतरत नाही. अक्षदा रोज पळते आणि दमत नाही. घाम येत नाही. खूश आहे. पोरीला इतकं खूश मी कधी पाहिलेलं नाही, म्हणून तिला काय सांगू?

तिला मी एवढंच सांगितलं, की मीपण येणार मुंबईला, तुझ्याबरोबर पळणार.

"तू? आजी, बेचाळीस किलोमीटर! आणि नावं नोंदवायची मुदतपण गेली."

"मला नंबर नको. मी कडेकडेनं येईन. शेवट जिथं हाय तिथं मला पोचायचं हाय, बस."

"पडशील गं."

"पडायची आसती तर सासरी आले तेव्हाच पडले आसते."

महाडच्या बाजारातून बूट आणले. दुकानदार मंगेश विचारतो, "कोणासाठी मावशी?" मी म्हटलं, "तुझ्या आजीसाठी. बांध नाड्या." रोज सकाळी मी वाट एकदा उतरते, एकदा चढते. ते येतात. मी खांदा देते. रोज सडकेशी तेच होतं, टेकवायच्या आत सगळं सुटतं. रायबा म्हणतो, "शेवट इथं नाय, आवडे." कुठे आहे, ते सांगत नाही. मीही विचारायचं सोडलेलं नाही. आणि ओझं रोज वाढतं आहे. परवा दहा वर्षांच्या पोरीचं होतं. काल वयात आलेल्या मुलीचं.

आज मी वाटेवर गेले नाही. पहाटे उठून अंगण सारवलं, बाहेरच्या कडेपासून सारवत सारवत उंबऱ्याशी आले, हातपाय धुतले आणि आत चुलीपाशी बसले, चहा होईपर्यंत. अक्षदा अंगणातून पळायला गेली, आणि जरा वेळानं, मी वळणावर दिसले नाही म्हणून, हाका मारत परत आली.

मी दारात जाऊन पाहिलं. सारवण ओलं होतं. तिच्या बुटांची एकही खूण त्यावर नव्हती. तीन माणसांची पावलं होती, अनवाणी, एकाला एक न जुळणारी, उंबऱ्यापासून निघून वाटेकडे गेलेली. आणि डाव्या अंगाला, मागच्या बाजूला, चौथी. त्या चौथ्या पावलाला करंगळी नव्हती. माझ्या पायाची करंगळी विळ्याखाली जाऊन तीस वर्षं झाली.

चहा उतू गेला तेव्हा मी पाय उचलून पाहिले. दोन्ही तळव्यांना ओलं शेण होतं.