निकाल न लागलेली हलगी

नवीन व्हर्जन टाकायचं म्हणून मी सकाळी राजारामपुरीत जाऊन लॅपटॉपची रॅम वाढवून आणली. येताना आईनं सांगितलेलं दही घेतलं, दादासाठी डझनभर केळी घेतली आणि उन्हातनं चालत मंगळवार पेठेत घरी आलो. मी पोरगी हाय बरं का, नाव क्रांती. आमच्यात पोरीबी आलो-गेलोच म्हणत्यात, गोंधळू नका. सांगायचं काय, तर सुरुवात एवढी साधी हुती. दही, केळी आणि रॅम.

माझा स्टुडिओ म्हणजे माळ्यावरची एक खोली. रस्त्यावरच्या गाड्या, कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्या वहिनींची भांडणं, सगळं माईकमध्ये शिरतंय म्हणून चारी भिंतींना कापसाच्या जुन्या गाद्या ठोकल्यात. खिडकीवरबी गादीच. एका खिळ्याला माझी हलगी, खाली उदबत्ती-काडेपेटी. पंखा लावायचा न्हाय, घरघरतोय. दार लावलं की भर दुपारी आत मिट्ट काळोख, लॅपटॉपचा तेवढा निळा उजेड. आणि आवाज तिथं मरतोय. आपण बोललेला शब्द तोंडापुढंच पडल्यागत वाटतंय. आत कोण किंचाळलं तरी खाली आईला ऐकू जात न्हाय.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, अमरसिंह. तालमीतला पैलवान. त्याचं नाक लहानपणीच तालमीच्या हौद्यात, कुस्तीच्या मातीत, मोडलंय, त्यामुळं श्वास घेताना बारीक शिट्टी वाजती. काळोखातबी कळतंय दादा कुठं हाय. आणि मला जगात 'क्रांते' म्हणणारा तो एकटाच.

तर ते नवीन व्हर्जन. मी घरी गाणी करतो त्या सॉफ्टवेअरचं. त्यात एक नाद खुळा सोय आलती. एकाच रेकॉर्डिंगमधले मिसळलेले आवाज ते वेगळे करून देतंय. गर्दी एकीकडं, वाद्य एकीकडं, माणसाचा गळा एकीकडं. मला तालमीचं गाणं करायचं हुतं, दादाच्या आवाजात. आणि त्याला हलगी पाहिजे हुती, खरी, मैदानातली. ती माझ्याकडं हुती. गेल्या वर्षीच्या जत्रेतली. पण ती फाईल एवढी मोठी की जुनं व्हर्जन उघडताना लटकायचं. म्हणून ती तशीच पडून.

त्या मैदानाचं सांगायलाच पाहिजे.

जयसिंगपूरच्या पुढं एका गावात जत्रेचं मैदान हुतं. दादाची जोड लागली हंबीररावबरोबर. त्याच भागातला गडी, डावखुरा, म्हशीसारखा श्वास सोडायचा. हलगीला उचगावचे आकारामतात्या. मी त्यांच्या कॉलरला माईक लावलता. कुस्ती सुरू झाली ती ऊन उतरलं तरी सुटंना. हंबीररावनं दादाचा अंगठा उलटा पिरगाळला, दादानं डोक्यानं त्याची भुवई फोडली. दोघांच्या अंगावर तांबडी माती आणि रक्त, कुठलं काय ते कळंना. बायका तोंड फिरवायला लागल्या. शेवटी पंचांनी दोघांना ओढून काढलं आणि कुस्ती बरोबरीत सोडवली.

आता बघा, एक गडी चितपट झाला की हलगीवाला एक जोराची तोड देतो. दोन्ही हातांनी, सगळा जीव लावून, आणि मग गप. ती तोड म्हणजे निकाल. त्या दिवशी निकाल न्हवता, म्हणून आकारामतात्यांनी तोड दिली न्हाय. काड्या नुसत्या खाली घेतल्या. हंबीरराव रक्त पुसत दादाकडं आला, मिठी मारली आणि म्हणाला, "पावणं, निकाल राहिला बघा."

घरी येताना जीपमध्ये दादानं मला बजावलं की ती हलगी आता परत वाजवायची न्हाय. तोड न दिलेली हलगी वाजली की त्या दोन गड्यांना हौद्यात उतरावंच लागतंय, असं तालमीत मानत्यात. मी म्हणलं, मग रेकॉर्डिंगला पण लागू हाय काय तुमचा नियम? तो हसला. विषय संपला.

दिवाळीनंतर हंबीरराव गेला. मोटरसायकलवरनं येताना उसाच्या ट्रॉलीवर मागनं आदळला. दादा त्याच्या मातीला जाऊन आला आणि त्या दिवशी जेवला न्हाय.

मला हे सगळं आठवत न्हवतं असं न्हाय. पण नवीन व्हर्जन टाकलं की माणूस येडा हुतोय. मी पहिली तीच फाईल उघडली. सॉफ्टवेअरनं एका मिनिटात आवाज सोलून काढले. एक ट्रॅक हलगी. एक ट्रॅक गर्दी. आणि तिसरा, त्याला त्यानं नावच दिलं न्हवतं. मी हेडफोन लावून ऐकलं. दोन माणसांचे श्वास. एकात बारीक शिट्टी. दुसरा म्हशीसारखा. मधेच मातीवर अंग आपटल्याचे आवाज. माईक तर तात्यांच्या कॉलरला हुता, हौद्यापासनं केवढा लांब, आणि हे श्वास माझ्या मानेवर पडल्यागत ऐकू येत हुते. मला भीती वाटायला पाहिजे हुती. मी मात्र उड्या मारत खाली जाऊन दादाला हाताला धरून वर आणलं.

तो नुकता जेवून उठलता. बनियनवर, हातात केळं. मी दार लावलं, पंखा बंद केला, त्याला माईकपुढच्या स्टुलावर बसवलं आणि स्पीकरवर हलगी सोडली.

सुरुवातीला त्याचे खांदे हलले. पैलवानच तो. तोंडावर हसू आलं. हलगी चढत गेली. मग त्यानं केळं खाली ठेवलं आणि विचारलं की ही कुठली हलगी हाय. मी सांगितलं. त्याचं हसू गेलं.

"क्रांते, बंद कर."

मी बटण दाबलं. बंद झाली न्हाय. म्हणलं लटकलं असंल, नवीन हाय. परत दाबलं. तेवढ्यात माझं लक्ष पडद्यावर गेलं. फाईल कधीच संपलीवती. कुस्ती सोडवल्याची पंचांची शिट्टी मागं राहिली हुती. त्याच्यापुढं कायबी रेकॉर्ड झालेलं न्हवतं, आणि तिथं हलगीची रेघ आपोआप उमटत चाललीवती... पुढं... पुढं... आणि खोलीत वास आला. हळद, ताक, लिंबू, तेल. हौद्यातल्या मातीचा वास. ओला.

दादा स्टुलावरनं उठला. उठला म्हणजे, त्याला कुणीतरी मनगटाला धरून उठवलं.

मी बघत हुतो. समोर कोण न्हवतं. दादाचा हात पुढं ताणलेला, मनगटावर पाच बोटांचे पांढरे खड्डे. मग तो हवेत गेला आणि समोरच्या गादीवर असा आदळला की खिळे उपटून गादी खाली आली. माईकचा स्टँड मोडला. तो उठला, पैलवानासारखा वाकून उभा राहिला, कशाला तरी भिडला. दोन्ही हातांनी काहीतरी जाडजूड धरलं हुतं त्यानं. पायाखालच्या फरशीवर माती घासल्याचा आवाज येत हुता. ठेचलेल्या नाकातनं रक्त उडून पडद्यावर बसलं, त्यातनं निळा उजेड तांबडा दिसायला लागला.

मी वायर उपटली. स्पीकर बंद. लॅपटॉप अर्धवट मिटला, फटीतनं तेवढा उजेड. हलगी वाजतच हुती... आता चारी बाजूंच्या गाद्यांतनं.

दाराकडं धावलो तर दार उघडंना. आईला हाका मारल्या. तुम्हाला सांगितलंय, तिथं आवाज मरतोय.

मागनं कडकन आवाज आला. दादाचा उजवा अंगठा. तोच. तो ओरडला न्हाय, नुसता घशातनं हुंकारला. मग तो पालथा पडला आणि त्याची मान खाली दाबली गेली. हंबीररावचा घुटना डाव मी त्या मैदानात बघितलता, मानेवर गुडघा ठेवून तो गड्याला मातीत रेटायचा. डाव्या बाजूनं. दादाच्या मानेचं मांस डाव्या बाजूनं आत गेलं हुतं, गुडघ्याएवढा खळगा. कान फरशीवर घासून फाटत चाललता. मी त्याच्या अंगावर झेप घेतली, त्याच्या पाठीवर हात मारले, आणि माझे हात पाठीला लागलेच न्हायत. मधे काहीतरी हुतं. घामेजलेलं. गार.

"तोड..." दादा म्हणाला. तोंडातनं रक्ताचा बुडबुडा आला. "क्रांते... तोड दे..."

हलगी भिंतीला टांगलीवती, माझीच. मी काढली. चाचपून बघितलं तर कातडं सैल. भद्द. असली तोड ऐकणार कोण? हलगी शेकल्याशिवाय बोलत न्हाय, हे आमच्यात लहान पोराला माहीत असतंय. उदबत्तीजवळची काडेपेटी सापडली. गाण्याचे सगळे कागद फरशीवर टाकले, पेटवले आणि हलगी त्यावर धरली. मागं माझा भाऊ मरत हुता आणि मी कातडं तापायची वाट बघत हुतो. बोटं भाजली. तिकडं हाडं वाजत हुती. एक. मग थांबून दुसरं. हलगीचा ताल चढत चाललता आणि त्या तालावर कोणतरी माझ्या भावाला मोडत हुतं.

कातडं ताणलं. टिपरू, हलगीची काडी, उचललं. आणि मग माझ्या लक्षात आलं की तोड म्हणजे निकाल. मी आत्ता मारली तर खाली कोण हाय? दादा. दादा हरला, असा निकाल मी देऊ?

म्हणून थांबलो. आणि कागद विझले. लॅपटॉपच्या फटीतला उजेडबी गेला.

त्या काळोखात मी नुसतं ऐकत उभा हुतो. दोन श्वास. एक म्हशीसारखा. एक शिट्टीचा, आता बारीक, तुटक... मग दादानं काय केलं देव जाणे, एक झटापट झाली, फरशीवर काहीतरी फिरलं, आणि एक पाठ धाडकन जमिनीला लागली. सगळी माडी हादरली. शिट्टी वरनं आली. मला वाटलं, शिट्टी वरनं आली, म्हणजे दादा वर हाय.

मी तोड दिली. सगळा जीव लावून.

हलगी थांबली. वास गेला. दाराची कडी आपोआप सैल झाली आणि जिन्यातला उजेड आत आला. दादा फरशीच्या मधोमध मांडी घालून बसलता. कान लोंबत हुता, अंगठा उलटा, पण बसलता. श्वास घेत हुता. मी त्याच्या गळ्यात पडून एवढा रडलो, एवढा रडलो की आई वर आली.

जिन्यावरनं पडला म्हणून सांगितलं. पेठेतल्या डॉक्टरांनी कान शिवला, हाताला प्लास्टर घातलं, दोन बरगड्या मोडल्यात म्हणाले. त्यांनी एक विचारलं की अंगभर ही तांबडी माती कसली. मी ओल्या फडक्यानं ती पुसायला घेतली.

दिवेलागणीला आईनं त्याला ताट वाढलं. तो डाव्या हातानं जेवला. उजव्याला प्लास्टर हाय, डाव्यानंच जेवणार की. श्वासात शिट्टी न्हवती. नाकात रक्त साकळलं असंल. मी स्वतःला हे एकेक समजावत त्याच्यापुढं बसून हुतो. त्यानं ताट संपवलं, भाकरीचा तुकडासुद्धा ठेवला न्हाय, हात धुतला. मग उंबऱ्यापाशी आला, माझ्याकडं बघितलं, आणि अगदी अदबीनं, परक्या घरात आलेला माणूस बोलतो तसं हळू विचारलं,

"पावणं, जयसिंगपूरची गाडी इथनं कुठं मिळंल?"

आई हसली. म्हणाली, गोळ्यांची गुंगी हाय त्याला.

मी वर पळालो. लॅपटॉप उघडला. हलगीचा ट्रॅक सपाट. गर्दीचा सपाट. तिसऱ्यात मात्र एकच रेघ हलत हुती, आणि तिच्यापुढं रेकॉर्डिंगचा लाल ठिपका. माईक तर मोडून कोपऱ्यात पडलाय. हेडफोन कानाला लावला. बारीक शिट्टी. श्वास... शिट्टी... श्वास... आणि लई लांबनं, माती तोंडात भरल्यागत,

"क्रांते... वाजीव की... परत हौद्यात उतरीव मला..."

तवापासनं मी रोज दुपारी वर येतो. हलगी शेकतो, कातडं ताणतो, आणि तशीच भिंतीला अडकवतो. वाजवली तर कुस्ती लागंल, दादाला परत उतरता येईल, एवढं मला कळतंय. पण मोडायला अंग एकच हाय. ते खाली आईपुढं जेवतंय, आणि प्लास्टर अजून ओलंच असल्यागत हाताला गार लागतंय. आणि निकाल परत मीच द्यायचा, काळोखात, कानावर भरवसा ठेवून.

आज मात्र मी बघूया म्हणून टिपरूचं टोक कातड्याला लावलं. नुसतं लावलं, आणि हलगी बारीक बोलायला लागली.

खाली आईच्या स्वयंपाकघरात कुणीतरी ताट सरकवलं, उठलं, आणि मांडीवर शड्डू ठोकला. डाव्या हाताचा. मिटलेल्या लॅपटॉपमधनं त्याला उत्तर आलं. दुसरा शड्डू.

मी टिपरू खाली ठेवलंय. हात मांडीवर हायत माझे, दोन्ही.

हलगी थांबलेली न्हाय.