हिंगाचा खडा

मुक्ताच्या लग्नात देवकासाठी जांभळाची डहाळी बारा मैलांवरून आणावी लागली, त्या वर्षाची ही गोष्ट. ननवऱ्यांचं देवक जांभळाचं. मांडवाच्या मुहूर्तमेढीला ती डहाळी नसेल तर लग्न लागत नाही. मुक्ताच्या आजोबांनी, निवृत्ती ननवऱ्यांनी, म्हणूनच दारात जांभूळ लावलं होतं. ते उभं असतं तर हात वर करून डहाळी मोडता आली असती. पण ते अकरा वर्षांपूर्वीच वाळून गेलं होतं. मांडवात सगळे हसतखेळत होते. मुक्ताची आजी कौसाबाई मात्र त्या परक्या डहाळीकडे बघत बसली होती, आणि तिची नजर पुन्हा पुन्हा शेजारच्या हरिदास गवसान्यांच्या दाराकडे जात होती.

सोलापूरच्या कडेला, जुन्या विडी कामगारांच्या तुळजाई वसाहतीत ही दोन घरं भिंतीला भिंत लागून होती. म्हणजे पूर्वी भिंत होती. मुक्ता शेतकी शाळेत मातीचं शास्त्र शिकली आणि तिनं दोन वर्षांपूर्वी वसाहतीत मूळजाळं आणलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून अंगणांमधल्या भिंती पाडल्या. मूळजाळं म्हणजे एका जातीची बुरशी. तिचे धागे केसाहून बारीक. या झाडाच्या मुळातून त्या झाडाच्या मुळात ते शिरतात, आणि जिथं ओल आहे तिथून जिथं नाही तिथं पाणी पोचवतात. रानात हे आपलं आपण चालतं. मुक्ताच्या गुरुजींनी ती बुरशी निवडून निवडून वाढवली होती, अशासाठी की उन्हाळ्यातसुद्धा एका अंगणातलं पाणी दहाव्या अंगणापर्यंत जावं. घराघराच्या न्हाणीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून मातीत सोडायचं, ओला कचरा मधल्या खड्ड्यात टाकायचा, पुढचं जाळं बघतं. प्रत्येक अंगणात दिव्याची एक खुंटी ठोकलेली. मुळांमधून जी बारीकशी वीज वाहते ती खुंटी ऐकायची. सगळं ठीक असलं तर हिरवी, तहान असली तर पिवळी.

"आणि लाल?" पहिल्याच दिवशी कौसाबाईनं विचारलं होतं.

"ज्या मातीतून जाळ्याला विष लागतं, तिकडचे धागे ते स्वतः तोडतं, आज्जी. बाकीची झाडं वाचावीत म्हणून. मग ती खुंटी लाल होते."

"म्हणजे वाळीत टाकतं."

मुक्ता हसली होती. कौसाबाईला हसू आलं नव्हतं. तिनं ती गोष्ट पदराच्या गाठीला बांधून ठेवली होती.

जांभूळ कसं मेलं ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. जांभळं पिकली की गवसान्यांच्या पांढऱ्या फरशीवर, गाडीवर, वाळत घातलेल्या धोतरावर जांभळे डाग पडायचे. त्यावरून दोन वर्षं बोलाचाली झाली. मग एका मार्गशीर्षात पानं गळायला लागली. निवृत्तीनं बुंधा चाचपला तर खाली, मातीच्या अगदी लगत, गिरमिटानं पाडलेलं भोक सापडलं. वर चिखल लिंपलेला. चिखल काढला तर आत हिंग. झाड मारायची जुनी रीत. निवृत्तीनं त्या भोकात बोट घातलं, बोटाचा वास घेतला आणि खाली बसला. पुढच्या दिवाळीला तो गेला. डॉक्टर म्हणाले छाती. कौसाबाई म्हणाली जांभूळ.

लग्न झालं, मुक्ता सासरी गेली. तिचं सासर सोलापुरातच, त्यामुळे दर रविवारी खुंट्या बघायला यायची. चैत्र लागला तसं ऊन चढलं. पारा सेहेचाळिसावर गेला. दुपारी एक ते पाच रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही. अशाच एका दुपारी कौसाबाईनं हिंगाचे चार खडे खलबत्त्यात कुटले, कळशीभर पाण्यात विरघळवले, वर मूठभर मीठ टाकलं. भिंत तर राहिलीच नव्हती. चार पावलं चालून ती गवसान्यांच्या अंगणात गेली आणि त्यांच्या खुंटीभोवती, वाफ्याच्या कडेनं, पायरीपर्यंत ते पाणी ओतून आली. असं तीन दुपारी केलं. हाताचा वास जाईना म्हणून तिनं त्या तिन्ही दिवशी फोडणीचं वरण केलं.

चौथ्या दिवशी गवसान्यांची खुंटी लाल झाली.

आधी मोगरा गेला. मग कढीपत्ता. मग पेरूनं पानं टाकली. गवसाने एकटेच होते, वय एकोणऐंशी, मुलगा परदेशात. भिंती पाडून झालेल्या मधल्या सामाईक बागेतली भाजी दर गुरुवारी कौसाबाई वाटायची. त्या गुरुवारी गवसाने टोपली घेऊन आले तेव्हा सुमन कोळी, समोरच्या घरातली, मोठ्यानं म्हणाली, "ज्याची माती जाळ्याला चालत नाही त्याला जाळ्याची भाजी कशाला?"

"मी काय केलं गं?" गवसाने म्हणाले.

"ते तुमचं तुम्हाला ठावं. फिनेल ओतलं असंल न्हाईतर संडासाचं ॲसिड. खुंटी कधी खोटं बोलत न्हाई, काका."

चार बायका हसल्या. कौसाबाईनं वांगी मोजली, मेथीच्या जुड्या मोजल्या आणि गवसान्यांच्या टोपलीत काहीच टाकलं नाही. ते रिकामी टोपली काखेत मारून परत गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या रात्री कौसाबाईला गाढ झोप लागली.

रविवारी मुक्तानं लाल खुंटीखालची माती नळीत घालून तपासली. ती आजीच्या ओट्यावर येऊन बसली.

"आज्जी, मातीत हिंग निघालं."

"त्यानंच घातलं असंल. सवय आहे त्याला."

"स्वतःच्या अंगणात?"

"कुणास ठाऊक बाई. म्हातारचळ." कौसाबाईनं चहा पुढं सरकवला. मुक्तानं चहा घेतला, पण कप तोंडाला लावायच्या आधी तिनं आजीच्या बोटांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गवसाने आले. ते अंगणातच थांबले, ओट्यावर चढले नाहीत. मुठीत माती होती. ती त्यांनी पुढं धरली.

"वहिनी, हा वास मी ओळखतो. या गल्लीत तो पहिल्यांदा मीच आणला."

कौसाबाई गहू निवडत होती. तिनं सुपातून मान वर केली नाही. अकरा वर्षं ती या एका वाक्याची वाट बघत होती, आणि ते आल्यावर काय म्हणायचं ते तिनं हजारदा ठरवलं होतं. आता त्यातलं एकही आठवेना.

"मी कुणाला सांगायला आलो नाही," गवसाने म्हणाले. "माझ्याशी जे केलंत ते बरोबर. मोगरा जाऊ दे, पेरू जाऊ दे. पण मागं टाकीच्या आडोशाला एक झाड आहे. तेवढं जाळ्यात परत घ्यायला मुक्ताला सांगा. ते निवृत्तीच्या जांभळाचं आहे. माझ्याच फरशीच्या फटीत बी रुजलं होतं. तो गेला त्या वर्षी काढून पिंपात लावलं. तुम्हाला दिसू नये म्हणून इतकी वर्षं पिंपातच ठेवलं. जाळं आलं तेव्हा जमिनीत घातलं."

"मुक्ताच्या लग्नात डहाळी बारा मैलांवरून आणली," कौसाबाई म्हणाली. "तेव्हा कुठं होतं हो ते झाड?"

"मोडून हातात घेतली होती. मांडवाच्या दारापर्यंत आलो होतो, वहिनी. आत यायचा धीर झाला नाही."

"खोटं." तिनं सूप आपटलं. "माझा नवरा मातीत गेला तेव्हा तुम्ही खांदा द्यायलासुद्धा आला नाहीत, आणि आता त्याच्या झाडाचं नाव घेऊन माझ्याकडनं पाणी मागता? मेलं तर मरू दे. माझं मेलं तेव्हा मी कुणाकडं गेले होते?"

गवसान्यांनी मूठ उघडली. माती तिच्या पायरीशी पडली. ते गेले.

तिनं मागं जाऊन बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित विश्वास बसला असता, आणि तोच तिला बसू द्यायचा नव्हता. रोज दुपारी, सगळी वसाहत दारं लावून पडलेली असताना, पलीकडून नळाचा आवाज यायचा, मग बादलीचा, मग चपला फरफटल्याचा. म्हातारा झाडाला पाणी घालतोय हे तिला कळत होतं. सेहेचाळीस अंशात. तिनं ठरवलं, येत्या रविवारी मुक्ताला खरं सांगायचं. तोवर घालू दे. एवढा एक आठवडा त्याला पुरता कळू दे.

शनिवारी बादली पडल्याचा आवाज आला आणि त्यानंतर चपलांचा आवाज आलाच नाही. कौसाबाईनं आधी पोथी मिटली, मग चष्मा काढला, मग उठली. एवढा उशीर तिनं केला, आणि तो तिला पुढं जन्मभर आठवला.

गवसाने टाकीच्या भिंतीला टेकून बसल्यासारखे पडले होते. डोळे उघडे होते. बादलीतलं पाणी फरशीवरून वाहून गेलं होतं आणि फरशी कोरडीसुद्धा झाली होती. शेजारी पुरुषभर उंचीचं झाड. खालची पानं करपलेली, शेंड्याची हिरवी. एका फांदीला मोडल्याची जुनी खूण होती. कौसाबाईनं एक पान तोडून चुरगाळलं आणि नाकाशी नेलं. वास ओळखीचा होता. तिनं सुमनला हाक मारली, लोक जमले, कुणी डॉक्टरला फोन केला. त्या गडबडीत तिनं बादली उचलली, नळाखाली धरली आणि भरून झाडाच्या बुडात ओतली. लोकांना वाटलं, म्हातारी भांबावली.

संध्याकाळी मुक्ता आली तेव्हा कौसाबाईनं तिला सगळं सांगितलं.

"वरची माती काढून नवी टाकली तर?" कौसाबाईनं विचारलं. "जाळं परत येईल?"

"दोन-तीन पावसाळे जातील, आज्जी. तरी येईलच असं नाही. जिथं एकदा विष लागलं, तिथं ते पुष्कळ दिवस धागा टाकत नाही."

"पण आता विष नाही. ज्याच्यावर घातलं तो माणूसही नाही." कौसाबाई लाल खुंटीकडे बघत होती. "हे जाळ्याला कोण सांगणार?"

कौसाबाईनं रिकामी बादली उचलली आणि नळाकडे गेली.

हरिदास गवसाने वैशाख वद्य पंचमीला, शनिवारी, दुपारी तीनच्या सुमारास वारले.