खळीचा अंगठा

आप्पांच्या मनगटावर घड्याळ आलं ते माझ्या धाकट्या भावाच्या हट्टामुळे. माणूस पडला की हे घड्याळ ओळखतं, असं तो म्हणाला. पडल्यासारखा धक्का बसला की काचेवर प्रश्न यायचा, ‘पडलात का?’ खाली दोन बटणं. डावीकडे ‘मी ठीक आहे’, उजवीकडे ‘मदत हवी’. अर्ध्या मिनिटात एकही दाबलं गेलं नाही, तर माझ्या फोनवर इशारा. भाऊ विमानाने येण्याइतका लांब राहतो, मी वीस मिनिटांवर. म्हणून माझा फोन.

आप्पा बुकबाइंडर होते. दुकान बंद केल्यावरही समोरच्या खोलीत लोकांची जुनी पुस्तकं बांधत बसत. शिवलेल्या पुस्तकाची पाठ गोल करायला हातोडीने ठोकावं लागतं, आणि दर चार ठोक्यांमागे एकदा घड्याळाला वाटे, हा माणूस पडला. बटण दाबायचं तर बोटं चिकटवायच्या खळीने बरबटलेली. खळीच्या हाताने काचेला शिवायचं नाही, हा त्यांचा जुना नियम. चष्मासुद्धा ते मनगटाने वर सरकवत.

सुरुवातीला मी लगेच फोन करायची. ते कोपराने स्पीकर सुरू करत.

“पुस्तक पडलंय, मी नाही. उचलायला येतेस का?”

“आप्पा, बटण दाबा हो.”

“हात धुऊन येईपर्यंत तुझा फोन येतोच की. तेवढंच बोलणं होतं.”

पुढे मी फोन करणं सोडलं. माझ्या फोनवर ‘खोटा इशारा’ असं बटण होतं, ते दाबलं की मिटलं. मी मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका पकडण्यावर माझं पोट चालतं. बैठकीत, बसमध्ये, न बघता अंगठा जायचा.

त्या मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी एका अनुक्रमणिकेतले पृष्ठांक जुळवत होते. फोन थरथरला. अंगठा गेला.

सव्वातीनला शेजारच्या काकूंनी त्यांच्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. मेज आणि भिंत यांच्यामध्ये आप्पा कुशीवर पडलेले होते. डॉक्टर म्हणाले, “पडून चार तास तरी झाले असतील. जरा आधी कळलं असतं तर...” आप्पा गेले होते.

“इशारा आला नाही?” भावाने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. तोपर्यंत मी तो फोनमधून पुसून टाकला होता.

लहानपणी माझ्या हातून काही सांडलं की आप्पा आत ओरडून सांगत, “अगं, माझाच धक्का लागला.” आई कधी विश्वास ठेवत नसे. तरी ते सांगत.

घड्याळ मी त्यांच्या सुयांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. दोन दिवसांत त्याची बॅटरी संपली.

तीन आठवड्यांनी कचेरीत फोन थरथरला. अंगठा गेला. मग वाचलं. ‘आप्पा पडल्याची शक्यता.’ अकरा दहा.

भीती नंतर वाटली. आधी वाटली ती लाज. मी याही वेळी न वाचताच दाबलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच मिनिटाला. संध्याकाळी जाऊन डबा उघडला. काच काळी. बाजूची कळ दाबून धरली, काही नाही. कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीने क्रमांक तपासला.

“मॅडम, हे घड्याळ तर आमच्याकडे कधीचं बंद दिसतंय. काल-आज कुठलाच इशारा गेलेला नाही.” मग तिने विचारलं, “तुम्हाला नक्की आला?”

मी हो म्हणाले. खरं होतं, पण माझ्याच कानांना ते खोटं वाटलं.

फोनमधून ते अ‍ॅप काढून टाकलं. इशारा येत राहिला.

एका बुधवारी मी अंगठा आवरला. फोन उघडा समोर ठेवला. इशाऱ्याखाली आणखी एक ओळ होती, जी मी कधी पाहिली नव्हती. ‘हालचाल नाही, १ मिनिट.’ मग दोन. मग तीन. जेवणाच्या सुट्टीत मी जागची उठले नाही. शंभर झाले, दोनशे झाले. समोरची मुद्रितं तशीच पडून. सव्वातीनला, दोनशे पंचेचाळीसवर, आकडा थांबला.

एवढा वेळ ते जमिनीवर होते. मला तो आकडा माहीत होता. मोजून पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. कंपनीविरुद्धची तक्रार त्याने आप्पांच्या मेजावर पसरली.

“वाच. शुद्धलेखनाच्या चुका काढू नकोस, सही कर फक्त.”

“काय लिहिलंयस?”

“इशारा आलाच नाही, हेच. घड्याळ सोबत पाठवायचं. त्यात सगळी नोंद असते म्हणे, उघडून बघतील.” त्याने पेन पुढे केलं. “ताई, तू वीस मिनिटांवर होतीस गं. कळलं असतं तर धावत आली असतीस.”

हीच वेळ होती. मी तोंड उघडलं. त्याचे डोळे आप्पांसारखे आहेत.

मी सही केली.

अकरा दहा झाले. फोन थरथरला. या वेळी वाचलं. तारीख त्या मंगळवारची होती.

‘आप्पांनी उत्तर दिलं. मी ठीक आहे.’

भाऊ डबा उघडत होता.

“ताई,” तो म्हणाला. “हे ओलं कसं?”

काळ्या काचेवर, डाव्या बाजूला, खळीचा अंगठा उमटला होता. रेषान् रेषा दिसत होती.

“डब्यात दमट झालं असेल,” मी म्हणाले, आणि त्याच्या हातातून घड्याळ घेतलं. काच कोमट होती.

मी ती अंगठ्याने पुसली.

कंपनीचं उत्तर आलं. नोंदीप्रमाणे त्या दिवशी ग्राहकाने स्वतःच ‘मी ठीक आहे’ हे बटण दाबलं होतं. भाऊ वाचून रडला. “शेवटपर्यंत आपली काळजी,” म्हणाला. मी मान हलवली.

आता इशारा येत नाही. फक्त सकाळी, अकराच्या सुमाराला, मी मुद्रितं बाजूला सारते. दहा मिनिटांनी माझा अंगठा खळ लागल्यासारखा चिकटू लागतो.