अर्ध्या गोष्टीचा हुंकारी

माझ्या मागच्या दारी केळीची बाग आहे आणि मला केळं खायची बंदी आहे. यावरून माझं काय चाललंय ते तुम्हीच ओळखा. मूत्रपिंडांनी हात टेकले तेव्हा डॉक्टरांनी केळं बंद केलं, शहाळं बंद केलं, पाणीसुद्धा मापून प्यायला सांगितलं. आठवड्यातून तीन दिवस शत्रुघ्न रिक्षा घेऊन येतो, गल्लीच्या तोंडाशी उभा राहून "टीचर, चला" असं ओरडतो आणि मला डायलिसिसला नेऊन सोडतो. उरलेले दिवस माझे. त्यातला अर्धा वेळ अंग गळून पडण्यात जातो आणि अर्ध्यात पुस्तक लिहायचं असतं.

पुस्तक म्हणजे आपल्या बागायती गावांमधल्या गोष्टी. शाळेत मराठी शिकवता शिकवता मी त्या गोळा केल्या. आमच्या भुईगावात तर केल्याच, पण सुट्टीत सांडोरपर्यंत जाऊन म्हाताऱ्यांच्या ओट्यांवर बसले. घरात माणूस नाही, पण पुस्तकं इतकी की पलंगाखालीही जागा नाही. त्यांच्यावर पाद्री झोपतो. पाद्री म्हणजे माझा बोका. अंगाने काळा कुळकुळीत, गळ्याशी तेवढी पांढरी पट्टी. मला जे पुस्तक हवं असतं नेमकं त्याच्यावर तो पसरलेला असतो आणि उठवलं तर असा बघतो, जसं काही मीच त्याच्या घरात भाड्याने राहते आहे.

त्यात साखरेने डोळेही अधू झाले. भिंगातून एक ओळ वाचून होईपर्यंत आधीची डोक्यातून जाते. चिडचिड होते, सगळं भिरकावून द्यावंसं वाटतं. शेवटी माझी भाची कॅरल म्हणाली, "आत्या, तू फक्त बोल. फोनमध्ये रेकॉर्ड कर, मी टाइप करते." ती विरारला राहते, अंधेरीला ऑफिसात जाते. पोरगी गुणी आहे, स्वतःच्या झोपेतून वेळ काढून माझं काम करते. रेकॉर्डिंग आपोआप तिच्या फोनवर जाईल अशी काहीतरी सोय तिने करून दिली. मी फक्त लाल गोल दाबायचा.

अशा एकेक करून सगळ्या गोष्टी झाल्या. राहिली एकच, आल्बिनामावशीची. आणि तीच खरी. ती नसेल तर हे पुस्तक मला नको, असं मी प्रकाशकालाही सांगून बसले होते.

आल्बिनामावशी आमच्या शेजारची. गोष्ट सांगायची तर ती आधी हुंकारी ठरवायची. आमच्याकडची रीतच तशी. ऐकणाऱ्यांमधल्या एकाने प्रत्येक वाक्याला 'हूं' द्यायचं. हूं आलं तर पुढचं वाक्य, नाही आलं तर गोष्ट तिथेच थांबली. सांगणारी कुठे अडली तर हुंकाऱ्यानेच तिला पुढचं आठवून द्यायचं. आणि गोष्ट संपेपर्यंत त्याने जागचं उठायचं नाही. मी यावर एक लांबलचक लेखही लिहिला होता, त्यात हुंकाऱ्याला 'सहभागी श्रोता' म्हटलं होतं. मावशीला वाचून दाखवला तेव्हा ती पोट धरून हसली. मग हसू आवरून म्हणाली, "क्लेमी, एक ध्यानात ठेव. समोर हूं देणारं कोणी नसेल तर सांगायला बसू नको. घर रिकामं दिसलं तरी कोणीतरी देतो."

हे वाक्य मी तिच्या बोलण्यातलं एक गमतीचं वाक्य म्हणून टिपून घेतलं. विद्वान ना मी.

तिची गोष्ट अशी. बागायतीच्या घरात एक नवी सून येते. सासू तिला भर दुपारी बागेतल्या बावखलावर पाणी आणायला पाठवते. बावखल म्हणजे बागेला पाणी मिळावं म्हणून खोदलेलं तळं, तुमच्यापैकी जुन्यांना माहीत असेल. पहिल्या दिवशी पलीकडच्या काठावरून कोणीतरी तिला तिच्या माहेरच्या लाडक्या नावाने हाक मारतं. ते नाव सासरी कोणालाच माहीत नाही. रोज हाक थोडी जवळ येते. अलीकडच्या काठावर येते, केळींमध्ये येते. एका दुपारी ती अगदी मानेशी येते. सून घागर खाली ठेवते आणि वळते...

इथे मावशी थांबली होती. "बाकीचं उद्या," म्हणाली. त्याच रात्री तिला हॉस्पिटलात नेलं आणि तिथून ती आली ती पेटीतूनच. गावात ही गोष्ट दुसऱ्या कोणाला येत नव्हती. मी सगळीकडे विचारून पाहिलं.

तर त्या दिवशी मी निदान जेवढी येते तेवढी तरी रेकॉर्ड करायला बसले. दुपारची वेळ. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पाद्री पुस्तकांवर होता, समोर रिकामी वेताची खुर्ची. वर्षानुवर्षांच्या सवयीने मी प्रत्येक वाक्यानंतर थांबत गेले, हूं येण्यापुरती. वळते, इथपर्यंत सांगितलं आणि वैतागून बंद केलं.

संध्याकाळी कॅरलचा फोन आला.

"आत्या, आज कोण बसलं होतं ग तुझ्याकडे?"

"कोणी नाही. पाद्री होता."

"मग हूं हूं कोण करतंय?"

"मांजराची घुरघुर असेल. तू तुझं टाइप कर."

फोन ठेवला आणि रेकॉर्डिंग लावून कानाला धरलं. माझा आवाज, मग थांबणं, आणि त्या थांबण्यात... हूं. घुरघुर नव्हती. पुरुषाचं की बाईचं ते कळत नव्हतं. खालच्या पट्टीतलं, तोंड मिटून दिलेलं, आणि प्रत्येक ठिकाणी बरोबर वेळेवर. जिथे गोष्ट संथ होती तिथे संथ. हाक मानेशी आली तिथे जरा घाईचं. ही गोष्ट आधी ऐकलेल्या माणसाचं हूं होतं ते.

रोझरी हातात घेतली, मणी सरकेनात. पण खरं सांगते, भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ते भीतीपेक्षा जोरात होतं. जो कोणी होता त्याने ही गोष्ट ऐकलेली होती. म्हणजे त्याला शेवट माहीत होता. एवढी वर्षं मी ज्याच्यासाठी दारोदार फिरले ते माझ्याच घरात वेताच्या खुर्चीवर बसून होतं! आणि सांगणारी अडली तर हुंकाऱ्याने पुढचं द्यायचं, हा तर रीतीचा भागच आहे.

पुढच्या मोकळ्या दुपारी मी लाल गोल दाबला आणि पहिल्यापासून सांगायला लागले. या वेळी कान देऊन बसले होते. मला काही ऐकू आलं नाही. पाद्री मात्र पुस्तकांवरून उतरला, खुर्चीसमोर जाऊन बसला आणि मान वर करून बघू लागला. माणूस बसल्यावर त्याचं तोंड जिथे येईल, तिथे. कापलेल्या केळीच्या खांबाचा ओला, चिकट वास खोलीत आला. बाग आहे, येतो वास, असं मी मनाला बजावलं.

सून घागर खाली ठेवते आणि वळते, इथे आले. थांबले. मग म्हटलं,

"पुढचं मला येत नाही... तुम्ही सांगा."

पंखा फिरत होता. बाकी काही नाही. मी वाट पाहिली. मला राग आला. सगळं आयुष्य वाट पाहण्यात गेलं, म्हाताऱ्यांची, प्रकाशकांची, त्या मशीनवर रक्त फिरायची, आता भुतांचीही पाहायची का? आणि तेवढ्यात माझ्या स्वतःच्या तोंडातून निघालं,

"हूं."

कशाला दिलं, ते मला कळलं नाही. थोड्या वेळाने परत दिलं. माझी मान हलत होती, डोळे खुर्चीवर होते, आणि मी हूं देत होते... ऐकू काहीच येत नव्हतं, पण मी ऐकत होते. याहून नीट सांगता येत नाही. उन्हाची तिरीप जमिनीवरून भिंतीवर चढली तरी मी हूं देतच होते.

पाववाल्याच्या सायकलचा हॉर्न वाजला तेव्हा मी दचकून उठले. घसा कोरडा पडला होता. दिवसभराचं पाणी मी एका दमात प्यायले आणि त्याची शिक्षा पुढच्या डायलिसिसला भोगली. फोन बंद केला. हुंकारी असून आपण मधेच उठलो, हे मला रात्री अंथरुणात पडल्यावर आठवलं. भीती वाटायला हवी होती. मला रडू आलं ते याचं की शेवट याही वेळी हातचा गेला.

त्यानंतरच्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून कॅरल आली. चहा झाला. मी तिला सरळ विचारलं, "ते दुसरं रेकॉर्डिंग टाइप केलंस का?"

"नाही ग. ऐकून संपतच नाही."

"एका दुपारचं तर आहे."

"माहीत नाही. रोज जाता-येता ऐकते. अजून चालूच आहे." ती बिस्किट बुडवत होती. "तुझाच आवाज आहे. तू हूं म्हणतेस, मग शांत, मग परत हूं."

"आणि गोष्ट?"

"ती कळते."

"कशी?"

तिने जरा विचार केला. "ते नाही सांगता येणार. पण कळते."

मी कप खाली ठेवला. "सून वळली तेव्हा मागे कोण होतं?"

"आत्या, ते कधीच झालं. ते पार मागे राहिलं. आता तर ती सून म्हातारी झाली."

मी त्या दिवशी पाववाला येईपर्यंत बसले होते. त्यानंतरचे हूं मी दिलेले नाहीत. हुंकाऱ्याच्या जागेवर माझा आवाज अजून बसलेला होता, आणि पोरगी ते रोज कानात घालून ऑफिसला जात होती. पुसून टाक ते, आत्ताच्या आत्ता पुसून टाक, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"शेवट आला का जवळ?" मी विचारलं. देवा, मी हेच विचारलं.

"आला असं वाटतं. तुझ्या आवाजावरून. फार दमलेली वाटतेस ग तू त्याच्यात. आधी कसं खणखणीत होतं, आता मधे मधे खूप वेळ जातो."

"शेवट ऐकलास की मला सांगशील ना?"

ती हसली. माझा हात हातात घेतला, डायलिसिसच्या सुया टोचतात तो, हळूच. "तुलाच तर सांगायचा आहे. पण आज सकाळी मिस्साला येताना ऐकत होते ना, तर एका ठिकाणी तू हूं दिलंच नाहीस. किती वेळ वाट पाहिली मी."

"मग?"

"मग काय," कॅरल म्हणाली, "मी दिलं."